गावात गेम कन्सोल लावायचाय? मग डबा सगळ्यात शेवटी उघडा

कापसाचे चुकारे हातात आले, उधारी फिटली, बियाण्याचे पैसे बाजूला निघाले आणि जे उरलं त्यातून पुतण्याने दोन वर्षं लावून धरलेला प्लेस्टेशन ५ घरात आला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात. पुढची खोली टिनाची, मागची स्लॅबची. आम्ही काय केलं, तर आल्याबरोबर डबा फोडला, टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये मशीन ठेवली, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि अपडेट सुरू केलं. अर्ध्यात लाइन गेली. दुसऱ्या दिवशी लाइन आली, अपडेट झालं, गेम सुरू झाला आणि पाऊण तासात पडद्यावर सूचना आली की मशीन फार तापली आहे, बंद करा.

आई चुलीपाशी बसून बोलली, "अरे बापू, हे बोर्डाले लावाच्या आंधी घराकडं तं पायतं का नाही?"

तिचं बरोबर होतं. कन्सोल लावायचे जितके व्हिडिओ मी पाहिले ते सगळे डबा उघडण्यापासून सुरू होतात, कारण ते करणाऱ्यांच्या घरी लाइन जात नाही, नेट तुटत नाही आणि एसी चालू असतो. आपल्याकडे क्रम उलटा धरावा लागतो. आधी लाइन, मग जागा, मग नेट, मग खरेदी, आणि डबा शेवटी. मी हे उशिरा शिकलो. तुम्ही त्याच क्रमाने जा.

आधी लाइन

डिम लाइनची भीती लोकांना जास्त वाटते, ती थोडी कमी करा. हे कन्सोल १०० ते २४० व्होल्टवर चालतील असेच बनवलेले असतात. संध्याकाळी बल्ब पिवळा पडून १७० व्होल्टपर्यंत आला तरी मशीन कुरकुर करत नाही. खरी भीती जास्त व्होल्टेजची. डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की दोन फेजमध्ये अडकलेल्या घरांना २३० ऐवजी पार ४०० च्या जवळपास व्होल्टेज जाऊ शकतं. बल्ब एकदम पांढराशुभ्र होतो, पंखा विमानासारखा फिरतो आणि दोन मिनिटांत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर सगळं जातं. गावात वर्षा-दोन वर्षांत एखाद्या गल्लीला हे होतंच.

यावर साधा एमसीबी काही करत नाही. त्याचं काम जास्त करंट तोडणं, जास्त व्होल्टेज नाही. दुकानात मिळणारी सर्जवाली एक्स्टेंशन पट्टी क्षणभराचा झटका झेलते, मिनिटभर टिकणारं जास्त व्होल्टेज नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली गेलं की तो लाइन तोडतो आणि ठीक झालं की थोडं थांबून परत जोडतो. एवढा खर्च नको असेल तर हाय-कट असलेला टीव्हीचा स्टॅबिलायझर लावा, फक्त त्यावर टीव्ही आणि कन्सोल मिळून किती वॉट चालतात ते पाहून घ्या. जड गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॉट घेतो.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि इको असं लिहिलेलं. आमच्याकडे ते बसवल्यापासून कोणी हलवलंच नव्हतं. इकोवर असलं की लाइन जाताना इन्व्हर्टर उचलायला जरा वेळ लावतो. पंख्याला कळत नाही, कन्सोल मात्र रीस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवलं की बदल इतक्या चटकन होतो की गेम चालू राहतो. पण याचीही किंमत आहे. यूपीएसवर असताना व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइन नाकारून बॅटरीवर जातो. म्हणजे रब्बीत डिम लाइनच्या संध्याकाळी बॅटरी उगाच रिकामी होते. आमच्याकडे आता खेळायच्या वेळी यूपीएस, बाकी वेळ इको, आणि हे काम पुतण्याकडे.

बॅटरीवर किती वेळ चालेल? १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास. कन्सोल, ४३ इंची टीव्ही आणि एक पंखा मिळून साडेतीनशे वॉटच्या आसपास. नव्या बॅटरीवर तीन तासांच्या वर धरू नका, जुनीवर त्याच्या अर्धंच. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर कन्सोल लावूच नका. त्यासाठी प्युअर साइन वेव्हच पाहिजे.

बिलाचं विचाराल तर रोज दोन तास टीव्हीसकट धरले की महिन्याला सतरा-एक युनिट वाढतात. तुमचा वापर १०० युनिटच्या काठावर असेल तर ते वरचे युनिट चढ्या दराने लागतात, एवढं घरात आधी सांगून ठेवा. नाहीतर बिल आलं की कन्सोल बदनाम होतो, वापर कूलरचा असला तरी.

मग जागा

प्लेस्टेशन ५ च्या कागदावर चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली दुपारी त्याहून वाईट. म्हणजे एप्रिल ते जूनची दुपार ही कन्सोलची वेळच नाही. भिंतीवर शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर टांगा. आमचा नियम सोपा आहे: काटा ३५ च्या वर, तर मशीन बंद. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर पहाटे नाहीतर रात्री दहानंतर, तेही स्लॅबच्या खोलीत.

टीव्हीखालची शोकेस, काच असो वा नसो, विसरा. गरम हवा मागून निघते आणि त्याच खणात फिरत राहते. उघड्या टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे, वर-बाजूला मोकळं ठेवा. उभा ठेवावा की आडवा यावर लोक भांडतात. गावात आडवा. उभी ठेवलेली मशीन लहान पोरगं, मांजर किंवा झाडू, कोणाच्याही धक्क्याने पडते. २०२३ च्या शेवटी आलेल्या बारीक मॉडेलसोबत आडवं ठेवायचे छोटे प्लास्टिकचे पाय डब्यात येतात, उभं करायचं स्टँड वेगळं विकत घ्यावं लागतं. आपलं काम फुकटात झालं.

आता कूलर. विदर्भातल्या कुठल्याही घरात हा प्रश्न येणारच. मशीन तापते म्हणून लोक तिला कूलरच्या तोंडासमोर ठेवतात. हे करू नका. कूलरची हवा ओली असते, पंप जोरात असला तर बारीक तुषारही येतात आणि आपलं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो. तोच थर मशीनच्या पोटात बसवायचा का? कूलर खोली थंड करू द्या, पण त्याचा झोत मशीनवर नको. कूलर आणि कन्सोल एका एक्स्टेंशनवरही नको.

धुळीचं गणित हंगामावर चालतं. हडंब्यातून (मळणी यंत्रातून) सोयाबीन आणि मग तूर निघते तेव्हा महिना-दीड महिना हवेत भुसा असतो आणि कापूस घरात साठवला असेल तर त्याचे तंतू कुठेही शिरतात. कापसाच्या खोलीत कन्सोल ठेवू नका, हे मी अनुभवाने सांगतो. पंख्याच्या जाळीवर आठ दिवसांत मऊ पांढरी गादी तयार झाली होती. बंद असताना वर सुती कापड टाका, चालू करताना काढा. कापड काढायला विसरणारा माणूस घरात असेल तर कापडच टाकू नका. पंधरवड्याला कोरडा, मऊ रंगाचा ब्रश बाहेरच्या फटींवरून फिरवा. ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरने हवा मारायचा मोह आवरा, त्यात पाणीही येतं आणि पंखाही तुटतो.

पाल, झुरळं आणि मुंग्यांना कन्सोलची ऊब फार आवडते. चिवडा खाऊन कंट्रोलर हातात घेतला की मुंग्यांना रस्ता आपणच दाखवतो.

नेटचा हिशोब

एक मोठा गेम म्हणजे ५० ते १०० जीबी, काही त्याहून मोठे. मोबाइलवर रोजचे २ जीबी मिळत असतील तर १०० जीबीचा गेम उतरवायला ५० दिवस लागतील आणि त्या ५० दिवसांत घरातल्या कोणी व्हॉट्सअॅपसुद्धा उघडायचं नाही. गावात फायबर किंवा एअरफायबर आलं असेल आणि खरा वेग १० एमबीपीएस मिळत असेल तर तोच गेम सुमारे २२ तासांचा, ३० मिळाला तर साडेसात तासांचा. खरा वेग म्हणजे रात्री नऊ वाजता, मशीन जिथे ठेवणार तिथे उभं राहून मोजलेला. दुपारी दारात मोजलेला नाही.

घराच्या जाड भिंती मध्ये असतील तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरा, वेग कमी पण पोच लांब. केबल नेता आली तर दोन्ही प्रश्न मिटतात.

कोणता घ्यायचा

नेटचा हिशोब झाल्यावरच हे ठरतं, म्हणून इथे आणलं. नेट कच्चं असेल तर डिस्कवालाच घ्या. डिस्कवरून गेम मशीनमध्ये उतरायला नेट लागत नाही, डिस्क मित्राला देता येते, खेळून झाली की विकता येते. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कचा ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. ५ एप्रिल २०२४ ला बारीक मॉडेल आलं ते ५४,९९० आणि ४४,९९० ला. तेव्हाचा तो दहा हजारांचा फरक मोठा वाटतो, पण तीन-चार जुन्या डिस्क फिरवल्या की तो भरून निघतो. एक लक्षात ठेवा: बारीक मॉडेलचा डिस्क ड्राइव्ह सुटा निघतो आणि पहिल्यांदा जोडताना एकदा नेटवरून त्याची ओळख पटवावी लागते. फक्त ऑनलाइनच चालणारे गेम डिस्कवर घेतले तरी नेटशिवाय चालत नाहीत.

एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त, लहान, विजेलाही हलका. १० नोव्हेंबर २०२० ला भारतात ३४,९९० ला आला होता. पण त्यात डिस्क नाही, ५१२ जीबीपैकी हातात ३६४ जीबीच येतात आणि पहिल्यांदा चालू करताना नेट लागतंच. फायबर असलेल्या घरासाठी चांगला. आमच्यासारख्यांसाठी नाही.

निन्टेन्डोचा स्विच कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही, म्हणून वॉरंटी म्हणजे दुकानदाराची जीभ. तरी मला तो गावासाठी मनापासून आवडतो, कारण त्यात बॅटरी आहे. २०१९ नंतरचा सुधारित स्विच गेमप्रमाणे साडेचार ते नऊ तास चालतो. लाइन गेली तर जाऊ द्या.

जागेचं म्हणाल तर पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ पैकी ६६७ जीबी वापरता येतात, बारीक मॉडेलमध्ये १ टीबीपैकी ८४८ च्या आसपास. बाहेरून यूएसबी हार्ड डिस्क जोडता येते, पण प्लेस्टेशन ५ चे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे जुने गेम मात्र चालतात. तरी ही सोय मोठी आहे. एकदा उतरवलेला गेम पुसू नका, हार्ड डिस्कवर सरकवा. परत उतरवायची वेळ आली तर ते ५० दिवस पुन्हा मोजावे लागतील.

दुकानात

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर लिहून घ्या, भारतातलं युनिट आहे का विचारा आणि जवळचं सेवा केंद्र कुठे तेही. ऑनलाइन मागवायचा असेल आणि तुमच्या पिनकोडवर पोचत नसेल तर तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या. डबा फोडताना मोबाइलवर न थांबवता चित्रण करा.

आम्ही घेतला त्या दुकानात मुलगा म्हणाला, "भाऊ, अकाउंट मीच काढून देतो." आणि त्याने स्वतःच्या ईमेलवर काढून दिलं. पुढे ते परत मिळवायला तीन आठवडे गेले. अकाउंट तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच मोबाइल नंबरवर. देश भारत निवडा, कारण प्लेस्टेशनच्या अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. आणि परदेशातून आणलेल्या डिस्कला इथल्या अकाउंटवरून घेतलेले जादा भाग जुळत नाहीत.

आता डबा

माझा सल्ला ऐकाल तर डबा गावात उघडूच नका. नागपूर, यवतमाळ, वर्धा, जिथे कोणा पाहुण्याकडे फायबर असेल तिथे एक रात्र मुक्काम करा. आमचा मामेभाऊ नागपूरला राहतो. मशीनची पहिली सगळी कामं त्याच्या घरी झाली असती तर माझा पहिला आठवडा वाचला असता.

तिथे बसून क्रमाने असं करा. डब्यात आलेलीच एचडीएमआय वायर टीव्हीला लावा. पॉवर वायर लावा. कंट्रोलर पहिल्यांदा यूएसबी वायरनेच जोडा आणि मधलं बटण दाबा, नुसता हातात धरून तो मशीनला सापडत नाही. मेन्यू मराठीत नाही, इंग्रजी निवडा. पुढे सिस्टमचं अपडेट येईल, ते होऊ द्या. मग अकाउंट. मोठ्या माणसाचं अकाउंट कुटुंबप्रमुख म्हणून काढा, पोरांची त्याच्याखाली, खऱ्या जन्मतारखेची. खेळायचे तास आणि खर्चाची मर्यादा तिथूनच लावता येते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

डिस्क ड्राइव्ह सुटा असेल तर त्याची ओळख इथेच पटवून घ्या. विकत घेतलेला एखादा डिजिटल गेम असेल तर तो उतरवून घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले चालू आहे ना ते बघा. ते बंद असलं तर गावात नेट गेल्यावर गेमवर कुलूप दिसतं. एक्सबॉक्सवर याच कामासाठी मशीनला होम एक्सबॉक्स करावं लागतं. शेवटी नेट तोडून गेम उघडून पाहा. उघडला तर समजा काम झालं.

परत येताना डिस्क आतून काढा, मशीन पूर्ण बंद करून वायरी सोडवा, मूळ डब्यात भरा आणि वरून गोधडी. एसटीत ती मांडीवर घ्या. वरच्या फळीवर ठेवली तर कळंबच्या पुढच्या खड्ड्यांत तुमचा जीव तिच्यातच अडकून राहील.

नागपूरला जाणं जमलंच नाही तर सिस्टमचं अपडेट पेनड्राइव्हवरूनही करता येतं. तालुक्याच्या कॅफेत कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच फाइल घ्या, पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट करा, साइटवर दिलेल्या नावांचेच फोल्डर इंग्रजी मोठ्या अक्षरांत बनवा. मशीन बंद असताना पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत, म्हणजे सात-एक सेकंद, दाबून धरा. सेफ मोड उघडेल. त्यात अपडेटचा पर्याय आहे. नवीन टीव्हीला जोडल्यावर पडदा काळाच राहिला तर चित्राचं रिझोल्यूशन बदलायचा पर्यायही त्याच सेफ मोडमध्ये आहे.

गावातल्या टीव्हीवर

बहुतेक घरांत ३२ इंची एचडी रेडी टीव्ही असतो. चालतो. फक्त अक्षरं मुंगीएवढी दिसतात. अॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन अक्षर मोठं करा. टीव्हीवर गेम मोड असेल तर तो लावा, बटण दाबणं आणि पडद्यावर उडी यातला उशीर कमी होतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या झूमचा आहे, मशीनचा नाही. एचडीएमआय नसलेल्या जुन्या डब्बा टीव्हीला कन्व्हर्टर लावून जोडता येतं म्हणतात ते खरं, पण मेन्यूतली अक्षरं वाचता येत नाहीत. त्या पैशात जुना एलईडी बघा.

पहिल्याच आठवड्यात बदलायचं ते

गेमची आपोआप अपडेट बंद करा, नाहीतर हॉटस्पॉट लावला की सकाळचा पॅक नाश्त्याआधी संपतो. ट्रॉफी मिळाली की मशीन तिचा व्हिडिओ आपोआप साठवते, तेही बंद करा. रेस्ट मोडची, म्हणजे मशीन पूर्ण बंद न करता झोपवून ठेवायची, सवय लावू नका. नारिंगी दिवा लागलेला असताना लाइन गेली की पुढच्या वेळी मशीन तक्रार करते आणि साठवणीची दुरुस्ती करत बसते. खेळून झालं की पूर्ण बंद. कंट्रोलर साध्या मोबाइल चार्जरवरही चार्ज होतो.

सेव्हबद्दल, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलो त्या नोंदीबद्दल, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. प्लेस्टेशन ५ च्या गेमचं सेव्ह सुटं करून पेनड्राइव्हवर काढता येत नाही. पैसे भरून प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व घेतलं असेल तर त्याच्या क्लाउडवर जातं, नाहीतर मशीनच्या पोटातच राहतं. उपाय एकच: दोन-तीन महिन्यांनी सेटिंगमधून यूएसबी हार्ड डिस्कवर पूर्ण बॅकअप. आणि आकाश काळं झालं असेल तर आधी सेव्ह, मग पुढची लढाई.

हाताला कसा वाटला

मशीनमध्ये आधीपासूनच अॅस्ट्रोज प्लेरूम हा गेम असतो, उतरवायला काही लागत नाही. त्यात पाऊस पडला की कंट्रोलरमध्ये थेंब पडल्यासारखं जाणवतं, वाळूत चाललं की खरखर. मी आजीच्या हातात दिला. तिने दोन मिनिटं धरला आणि म्हणाली, "अवं माय, हातातच पानी पडून राह्यलं!" पडद्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला स्वतःला चित्रापेक्षा आवाज नसणं जास्त जाणवलं. गेम चटकन उघडतो, मशीन थंडीत जवळजवळ मुकी असते. मार्चनंतर पंखा ऐकू यायला लागतो, तो तुमचा थर्मामीटर समजा.

ऑनलाइन दुसऱ्यांशी खेळण्यात फार जीव अडकवू नका. विकतच्या गेममध्ये त्यासाठी प्लसचे पैसे लागतात (फुकटच्या गेमला लागत नाहीत) आणि आपल्या नेटवर गोळी आपण झाडण्याआधीच लागलेली असते. दुसरा कंट्रोलर घ्या. एकाच पडद्यावर दोघांनी क्रिकेट खेळायला गल्लीतली सहा पोरं बसतात, त्यातली चार समालोचन करतात.

आभाळ भरून आलं की

रोहिणीत आणि मृगात आपल्याकडे विजा फार. बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून ओढून काढा. कन्सोलची वायर दोन पिनांची असते, अर्थिंगचा पिन तिला नाही. आणि नुसता प्लग काढूनही पुरत नाही. छतावरच्या डिशची वायर सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत येते आणि टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये. ती आणि राउटरची केबल दोन्ही सोडवा. आमच्या घरी हे काम आता आजी सांगते. ओसरीवर बसून तिला वावरापलीकडचं आभाळ आमच्याआधी दिसतं.